विहीणबाईंबरोबर चालत चांदवड

तुम्ही म्हणाल, नाशिकहून चांदवडला त्यात काय जायचंय, आम्ही शंभरदा गेलोय. मी म्हणतो, एकदाही गेला नाहीत. तुम्ही गाडीत बसलात, आडगावला डोळा लागला, पिंपळगावच्या टोलनाक्याला गाडी हळू झाली म्हणून जागे झालात आणि पुन्हा डोळे उघडले तेव्हा चांदवडचे डोंगर समोर. याला जाणं म्हणत नाहीत, याला पार्सल होणं म्हणतात. मी चालत गेलो. चालणाऱ्याला हा रस्ता वेगळाच लागतो. त्यात चढ असतात, वारा असतो, कुत्री असतात, आणि थोड्याथोड्या अंतरावर एक तरी माणूस असतो ज्याला तुम्ही का चालताय हे कळल्याशिवाय जेवण जाणार नसतं.

जे सांगतोय ते सगळं खरं आहे. कुठं थोडं वाढलं असेल तर ते माझ्या पायांच्या सुजेइतकंच वाढलंय असं धरून चाला.

इंदिरानगर

माझा जन्म गेला सोफे विकण्यात. इंदिरानगरात दुकान आहे. बसणं हा माझा धंदा, बसवणं हा माझा व्यवहार. माणूस दुकानात उभा आला की त्याला बसता करायचा, एवढंच मला येतं. असा मी पंचावन्न पार केल्यावर चालायला का लागलो, तर विहीणबाईंमुळे.

आमच्या विहीणबाई, म्हणजे जावयाच्या, ऋषिकेशच्या आई, सुमनताई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. अंगानं काडी, आवाज मात्र असा की त्यांनी आमच्या बाल्कनीतून 'सावधान' म्हटलं तर पाथर्डी फाट्याचे रिक्षावाले ताठ उभे राहतील. आमची मुलगी अश्विनी त्यांच्या घरात पडली त्याला आता वर्ष होईल. साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर गप्पांना रंग चढला आणि मी सांगून बसलो की तरुणपणी मी नाशिकहून सप्तशृंगीच्या गडावर एका रात्रीत चालत गेलो होतो, आणि देवीचं दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी परत, तेही चालत. हे अगदीच खोटं नव्हतं. गड खरा होता, देवी खरी होती, मीही खरा होतो. मधे फक्त एक एसटी होती.

विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पानाचा विडा तोंडात ठेवला. वर्षभरानं त्यांचा फोन आला. "नाना, तुमच्यासारखा चालणारा माणूस घरात असताना मी दुसरीकडे कुठं जोडीदार शोधू?"

झालं होतं असं, की सुरगाण्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाड्यापाड्यांवर अजून दुखणेकऱ्याला उचलून खाली आणतात, तिथं एक रुग्णवाहिका घ्यायची होती. तिकडं काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी पदयात्रा काढायची ठरवली. नाशिक, चांदवड, देवळा, कळवण, सुरगाणा, आणि तिथून वर शेवटच्या पाड्यापर्यंत. वाटेत गावोगावी लोकांना सांगायचं, जमेल ते गोळा करायचं. चालायचं जोडीनं. पण हौसे-गवसे गळावेत म्हणून आधी एक चाचणी: नाशिक ते चांदवड, तीन दिवसांत, तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आत. चाकाला अंग लावायचं नाही. जोडीतला एक गाडीत बसला की दोघंही बाद.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाचं तोंड मुलाच्या आईसमोर उघडतं आणि त्यातून 'हो' बाहेर पडतं.

मग सराव. सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. पहिल्या दिवशी मला असा दम लागला की मी श्वास आत घेतला की कडेच्या झाडांची पानं माझ्याकडे वळत. घाम इतका, की माझ्यामागून येणारे लोक पँट वर खोचून चालत होते. दुसऱ्या आठवड्यात पांडवलेणीच्या पायऱ्या. तिथं वर बसलेल्या माकडांनी मला ओळखून सोडलं. मी येताना दिसलो की आपल्या हातातलं केळं तीच मला देतील अशी त्यांची नजर असायची.

पण सगळ्यात अवघड होतं ते चालणं नव्हे, बसणं. आता तुम्ही म्हणाल, मानपान आता कुठं राहिलेत. बोलण्यात नाहीत राहिले, गुडघ्यात राहिलेत. विहीणबाई उभ्या असताना माझा गुडघा वाकत नाही. त्यांच्या आधी पाणी प्यायचं नाही, त्यांच्या आधी खायचं नाही, आणि त्यांच्या आधी 'दमलो' म्हणणं तर लग्नात मांडव अर्धा घातल्यासारखं. माझ्या बायकोनं, मंदानं, हे पहिल्याच आठवड्यात हेरलं.

"अहो, ट्रॅकवर इतकी बाकडी आहेत, तुम्ही दोघं एकावर टेकत का नाही?"

"त्या टेकल्या तर मी टेकेन."

"आणि त्या म्हणतात नाना टेकले तर मी टेकेन. मुलाची आई म्हणून मिरवतात असं कुणी म्हणायला नको म्हणे." मंदा पोहे परतत हसली. "ओझरला मात्र थांबा. कुसुमताई मांडे करतायत."

ओझर

कुसुमताई या विहीणबाईंच्या शाळेतल्या मैत्रीण. डॉक्टरीणबाईंनी पहिला मुक्काम ओझरला नेमून दिला होता, तो आम्ही कुसुमताईंकडे धरला. आणि त्या करणार होत्या पुरणाचे मांडे. ज्यांनी मांडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरण भरलेला गोळा हातावर असा फिरवत फिरवत वाढवायचा की बाईच्या कोपरापर्यंत यावा, आणि मग उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. पातळ इतका, की कुसुमताईंच्या मांड्यातून पलीकडचा पेपर वाचता येतो, आणि मी एकदा राशिभविष्य वाचलंय. आमच्याकडे व्याही येणार म्हटलं की मांडे. त्यात दूध-तूप. त्यापुढं स्वर्ग म्हणजे नुसती वरची मोकळी जागा.

तर डिसेंबरच्या थंडीत, कानटोप्या घालून, आम्ही पहाटे निघालो. उड्डाणपुलाखालून द्वारका, तिथून पुढं आडगाव. आडगावच्या पुढं एक मोटरसायकल शेजारी येऊन आमच्याच चालीनं चालायला लागली. वर विशीतला एक पोरगा, मफलरमध्ये फक्त डोळे.

"काका, गाडी बंद पडली का?"

"नाही, चालतोय."

"कुठं?"

"चांदवडला."

त्यानं ब्रेक मारला, पुन्हा आला. "घरी भांडण झालं का काही?"

"नाही रे."

"मावशी, तुम्ही तरी समजवा ना. नवऱ्याचा राग असा रस्त्यावर काढत नसतात."

"मी यांची विहीण," विहीणबाई म्हणाल्या.

मोटरसायकल बंद पडली. पोरगा उतरला, मफलर खाली ओढला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम मोठ्या माणसाचं दुःख आलं. "पोरांचं फिसकटलं का?"

आम्ही हो-नाही करेपर्यंत तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "माझ्या बहिणीचंबी असंच झालतं. दोन्हीकडच्यांनी असं तरातरा जाऊन मिटिंगा घेतल्या आणि होतं ते मोडलं. तुम्ही घरी जा. बसा, मी दोन खेपा करून सोडतो."

त्याला रुग्णवाहिका, सुरगाणा, पदयात्रा हे सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि आमच्यापासून थोडं लांब जाऊन कुणाला तरी फोनवर सांगितलं, "सांगत नायत अजून. पण लय मोठं मॅटर दिसतंय."

त्या फोनचा परिणाम असा झाला, की पुढच्या तीन चहाच्या टपऱ्यांना आम्ही यायच्या आधीच ठाऊक होतो. एकीनं चहाचे पैसे घेतले नाहीत. दुसरीनं विहीणबाईंना एका बाजूला घेऊन सुनांचं काय काय सहन करावं लागतं ते सांगितलं. तिसरीनं आमच्या दोघांच्या मधे उभं राहून, एकेकाकडे बघून, "लेकरं नादान असतात, मोठ्यांनी पोटात घालायचं," एवढंच म्हटलं आणि खारी पुढं केली. मी ती खारी चहात बुडवली आणि माझ्या मनात आलं, अश्विनी-ऋषिकेशचा संसार इतका सुखाचा आहे म्हणून बरं. थोडा जरी डळमळीत असता तर या रस्त्यानं तो आजच मोडून पुन्हा जोडला असता.

ओझर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझ्या टाचांमध्ये कुणीतरी जिवंत निखारा ठेवून वर बूट शिवला होता. कुसुमताईंच्या गल्लीचं तोंड दिसलं. मला तर तिथूनच पुरणाचा वास आला. विहीणबाई थांबल्या. मीही थांबलो. आता त्या 'चला' म्हणतील आणि मी मोठ्या मनानं 'बरं, तुम्ही म्हणताय तर' म्हणेन.

"इथंच मुक्काम होता आपला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही अगदी रंगात दिसताय, नाना."

"छे, तुम्ही म्हणाल तसं."

"माझं काही नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"मी तर तयार आहे," मी म्हणालो. कशाला तयार, ते बोलायचं राहिलं.

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि आम्ही त्या गल्लीवरून पुढं निघालो. दोघंही. मान वळवून एकदा गल्लीकडं बघत.

अर्ध्या तासानं कुसुमताईंचा फोन. विहीणबाईंनी सांगितलं, "अगं, नाना थांबायलाच तयार नाहीत." पलीकडून खापर उतरवल्याचा आवाज आला. मग एक "बरं" आलं. त्या 'बरं'नं कांदे चिरता आले असते.

पिंपळगाव

दिवेलागणीला पिंपळगाव बसवंतला पोचलो तेव्हा मी चालत नव्हतो, पडत होतो, फक्त प्रत्येक वेळी पुढच्या बाजूला. तिथं मंदाचा एक चुलतभाऊ आहे, टोमॅटोचा व्यापारी, त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. अवेळी आलेल्या व्याह्यांना बघून त्या घराची जी धांदल उडाली ती मी सोफ्याच्या सेलमध्येही पाहिली नाही. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, लोणी. मी जेवलो, पण प्रत्येक घासाला मांडा आठवत होता.

जेवण झाल्यावर भाच्याला हळूच सांगून घमेल्यात गरम पाणी आणि मीठ मागवलं आणि दार लावून पाय बुडवले. पाय पाण्यात गेल्यावर चर्र आवाज आला. शेजारच्यांनी फोडणी समजून काय केलंय विचारलं. सकाळी उठून पाहतो तर विहीणबाईंच्या खोलीच्या दाराशीही एक घमेलं. मी म्हटलं, घरातल्या सुनेचं असेल.

"झोप लागली का, नाना?"

"अगदी. तुम्हाला?"

"मला तर आणखी चालावंसं वाटत होतं," विहीणबाई म्हणाल्या.

मी भिंतीला धरून उभा राहिलो.

शिरवाड्याच्या अलीकडे

पहिल्या दिवशी जे जास्तीचं अंतर कमावलं होतं ते दुसऱ्या दिवशी पायांनी व्याजासकट परत घेतलं. द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या; मण्यांत नुकतं पाणी भरायला लागलेलं. एक ट्रक गेला की आम्ही त्याच्या वाऱ्यानं पाच पावलं फुकट पुढं जायचो, आणि समोरून आला की दहा पावलं मागं. हिशेब नुकसानीचाच होता.

दुपारी, शिरवाडे फाट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एका वावरात बायका कांद्याची लागवड करत होत्या. ओळीनं वाकलेल्या, हात शिवणयंत्राच्या सुईसारखे चाललेले. त्यातली एक कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"ओ दादा, गाडी पंचर झाली का?"

मी सगळी उत्तरं एका दमात देऊन टाकली: गाडी नाही, चालतोय, चांदवडला, या माझ्या विहीणबाई.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि हातातली रोपं खाली ठेवली. "कशापायी मोडता लेकरांचं?"

पुढच्या पाच मिनिटांत आम्ही तिच्या ओट्यावर होतो. ती गंगूमावशी. तिचा नवरा तात्या, पांढरी टोपी, पिकल्या मिशा. गावातली मिटवामिटवी आजवर त्यानंच केलेली, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. खाटेवर बसायला सांगितलं. मी विहीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं उभेच राहिलो.

"बघ," तात्या बायकोला म्हणाला, "एका खाटंवरबी बसंनात. लय चिघळलंय."

मग त्यानं सुरू केलं. मुलगी काय करती, जावई काय करतो, पितो का, मारतो का. मी म्हटलं, हिऱ्यासारखा जावई आहे. तात्या विहीणबाईंकडे वळला. "मंग तुमचं काय दुखणं हाय, बाई? सून उलटून बोलती?"

"सून सोन्यासारखी आहे."

"मंग सोडचिठ्ठी कशापायी?"

तेव्हा विहीणबाई बसल्या. खाटेवर नाही, ओट्याच्या कडेला. म्हणून मलाही बसता आलं, आणि त्या क्षणाला मला जे सुख झालं ते मी आजवर विकलेल्या एकाही सोफ्यानं कुणाला दिलेलं नाही.

"तात्या," त्या म्हणाल्या, "माझी पहिली बदली सुरगाण्याच्या वर, एका पाड्यावर होती. मालक इकडं नाशिकला. मला आठवा सरून नववा लागलेला. शाळेतच कळा सुरू झाल्या. रस्ता नव्हता, फोन नव्हता. चार बाप्यांनी बांबूला घोंगडी बांधली, त्या झोळीत मला घातलं आणि डोंगर उतरायला लागले. मी सारखी म्हणायची, दादा, थांबा जरा, खांदे भरून आले असतील. एक जण म्हणाला, 'बाई, तुमी गप ऱ्हावा. थांबायचं आमचं आमी बघू.' आणि ते थांबायचेसुद्धा. ज्याचा खांदा भरला तो म्हणायचा, 'टेकवा.' की सगळे टेकवायचे. कुणी कुणाला हसायचं नाही. खाली डांबरी रस्त्याला लागलो आणि पुलाच्या कठड्यापाशी माझा ऋषी झाला. गाडी नंतर आली."

गंगूमावशीनं पदर तोंडाला लावला.

"त्या चौघांतले आता एकच आहेत. तिकडच्या रुग्णवाहिकेसाठी पदयात्रा निघतेय, तिच्या शेवटच्या पाड्यावर ते राहतात. गाडीनं गेले तरी ते चहा देतील. पण मला त्यांच्या दारात चालत जायचंय. ते माझ्यासाठी चालले तेवढं तरी."

मी वर्षभर त्यांचा व्याही आहे, आणि आमचा जावई पुलाच्या कठड्यापाशी जन्मला हे मला एका परक्या ओट्यावर कळलं. तोवर मी माझ्या अब्रूसाठी चालत होतो. त्या ओट्यावर माझी अब्रू एकदम लहान वाटायला लागली आणि टाचा मोठ्या.

तात्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे भांडण नाय."

"नाही."

"इतकी तयारी केली म्या," तो थोडा हिरमुसला. "बरं, मुक्काम हितंच करा. शाळंत कुठं झोपता?" डॉक्टरीणबाईंनी आमची सोय पुढच्या शाळेत लावली होती, पण तात्याच्या घरात ती कुणी ऐकून घेतली नाही. शेवेची भाजी झाली, तिचा तिखटपणा असा की माझ्या कानातून निघालेल्या वाफेवर मावशीनं हात शेकले.

सकाळी निघताना विहीणबाईंची ओटी भरली, मला टोपी घातली, आणि रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून लाल कांद्यांची एक गोणी दिली. लहान होती, पण गोणी होती. चांदवडला कांदे घेऊन जाणं म्हणजे नळाला पाणी पाजण्यातला प्रकार. पण नाही म्हणता येत नाही, आणि विहीणबाईंना उचलू देता येत नाही. मी गोणी खांद्यावर घेतली. गंगूमावशी शिवेपर्यंत घालवायला आली आणि शिवेवर उभी राहून, आम्ही दिसेनासे होईपर्यंत, 'सावकाश जा' म्हणत राहिली. आम्ही इतके सावकाश होतो की तिचा घसा बसला असणार.

वडाळीभोईच्या पुढे

वडाळीभोई मागं पडलं तेव्हा दुपार टळली होती. चांदवडचे डोंगर समोर दिसत होते आणि जवळ येत नव्हते. मला तर शंका आली की तेही आमच्यापुढं मान राखून एकेक पाऊल मागं सरकतायत.

तिथं एक पिकअप थांबली. मागं कांदे. "बसा काका. लिलावाला चाललोय, चांदवडला टाकतो."

मी पिकअपच्या फाळक्याला हात टेकला. फक्त टेकला. आणि तो हात तिथून निघेना. फाळक्याच्या आत पोत्यांवर एक सपाट जागा होती, माझ्या मापाची. मी पुष्कळ आसनं पाहिलीत, पण इतकं मला उद्देशून बनवलेलं आसन पाहिलं नव्हतं. विहीणबाई पाठ करून डोंगर बघत उभ्या राहिल्या. मी बसलो असतो तर त्यांनी एक शब्द काढला नसता. मान राखणारं माणूस दुसऱ्याची हारही बघत नाही.

त्यांच्या पाठीकडं बघितलं आणि मला दिसलं की त्या एका पायावर उभ्या आहेत. दुसरा बूट नुसता टेकवलेला.

मी खांद्यावरची गोणी पिकअपमध्ये टाकली. "हे तेवढं पोचव. चांदवडला स्टँडसमोर एक डॉक्टरीणबाई असतील, पिवळ्या टी-शर्टात. त्यांना दे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही चालतोय."

"घरी काय झालं का?" तो म्हणाला.

पिकअप गेली. मी रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडापाशी गेलो आणि आयुष्यात मुलीच्या बापानं कधी काढू नये तो शब्द काढला.

"टेकवा," मी म्हणालो, आणि त्यांच्या आधी खाली बसलो.

विहीणबाई वळल्या. मला वाटलं, आता 'सावधान' होणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दगडाकडे, आणि धप्पकन माझ्या शेजारी बसल्या. बूट काढला. त्यांच्या टाचेला जो फोड होता त्यापुढं माझा फोड बालवाडीत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ओझरपासून. त्या गल्लीच्या तोंडाशी मी मनात देवाला म्हणत होते, नानांना एवढं एकदा दमू दे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही गडावर जाऊन दुपारच्या जेवणाला परत येणारे. तुमच्यापुढं मी काय बोलू?"

मी बुटाची नाडी सोडायला लागलो. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"मंदाताईंनी मला साखरपुड्याच्या दिवशीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "एसटीचं."

"मग जोडीला मला कशाला घेतलंत?"

"खरं चालणारे पुष्कळ मिळाले असते, नाना. ते गप्प चालतात. मला इतक्या लांबचा रस्ता गप्प चालवला नसता."

त्यावर आम्ही दोघं असे हसलो की समोरच्या द्राक्षबागेतले पोपट उडाले, आणि एक मोटरसायकलवाला थांबून "मिटलं का?" विचारून समाधानानं पुढं गेला.

चांदवड

त्यानंतर आम्ही जे चाललो ते पाहण्यासारखं होतं. विजेचे दोन खांब गेले की 'टेकवा'. एकदा त्या म्हणायच्या, एकदा मी. पुढं पुढं मी अर्ध्या खांबालाच म्हणायला लागलो आणि त्यांनी मास्तरणीच्या नजरेनं मला पाऊण खांबावर आणून ठेवलं. मी पुढं, त्या मागं; मग त्या पुढं, मी मागं. पाणी ज्याला तहान त्यानं आधी प्यावं. सूर्य डोंगराच्या खांद्याला लागला होता आणि आम्ही त्याला दोनदा ओरडून थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं ऐकलं असावं, कारण स्टँडसमोर पोचलो तेव्हा त्याची लाल कड अजून वर होती. मी त्यासाठी शपथ घ्यायला तयार आहे, विहीणबाई नाहीत.

डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. पिवळा टी-शर्ट, हाताची घडी. पायाशी आमची कांद्याची गोणी.

"काका," त्या म्हणाल्या, "कांदे केव्हाच आले. ड्रायव्हर म्हणाला, काका-काकूंनी पाठवलेत. मग काका-काकू कसे आले?"

आजूबाजूला बाकीच्या जोड्या होत्या, रंगीत बुटांतली कॉलेजची पोरं, पाय पसरून ऊस खात. सगळ्यांनी चावणं थांबवलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला पहिल्यांदाच कळेना की काय सांगावं. घडलं तसंच सांगितलं तर ते माझ्याही कानाला थाप वाटत होतं. विहीणबाईंनी मला गप्प राहायची खूण केली, फूटपाथवर बसल्या आणि दोन्ही बूट, दोन्ही मोजे काढले. मीही काढले.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. दोघांच्याही टाचा बोटानं दाबून बघितल्या. कॉलेजच्या एका पोरानं ऊस खाली ठेवला.

"हे पिकअपमध्ये बसून होत नाही," त्या म्हणाल्या. मग चिडल्याच. "पण हे पहिल्या दिवशीचे फोड आहेत. पहिल्या दिवशी ओझरलाच थांबायचं सांगितलं होतं ना? तुम्हाला थांबता येत नसेल तर मी सुरगाण्यापर्यंत कशी नेऊ?"

"येतं आता," विहीणबाई म्हणाल्या. "आजच शिकलो. म्हणून तर उशीर झाला."

डॉक्टरीणबाईंनी कापूस काढला, मलम काढलं, आणि फोडांना पट्ट्या बांधता बांधता म्हणाल्या, "यात्रेला महिनाभर आहे. टाचा भरून आणा." म्हणजे आम्ही आत. विहीणबाईंनी मान खाली घातली आणि आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे, तो कुणा दुसऱ्याचा असावा तसं, बघत राहिल्या. मग त्यांनी गोणीचं तोंड सोडलं आणि सगळ्या पोरांना कांदे वाटले. कांद्याच्या गावात, लिलावाच्या दिवशी, कांदे वाटणारी अशी ती पहिलीच बाई.

पुन्हा ओझर

परत एसटीनं. बसमध्ये एकच जागा रिकामी होती. सवयीनं मी म्हणालो, "बसा," त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा," आणि मग मी बसलो. मागच्या बाईनं माझ्याकडे रागानं पाहिलं. वडाळीभोईला उठलो, त्या बसल्या. शिरवाड्याला पुन्हा मी. तात्याच्या ओट्यावरचा दिवा खिडकीतून क्षणभर दिसला.

ओझर आलं तेव्हा विहीणबाईंनी घंटेची दोरी स्वतःच ओढली. "नाना, उतरू या. मुक्काम राहिलाय."

त्या गल्लीत आम्ही लंगडत शिरलो, मी डाव्या पायानं आणि त्या उजव्या, असे की दोघांचा मिळून एक धड माणूस चालावा. दार कुसुमताईंनी उघडलं. त्यांनी आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं, पायांच्या पट्ट्यांपाशी थांबल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दिल्लीला पोचला असाल."

आत खापर चुलीवर उपडं होतं. तापलेलं. मंदानं फोन केला होता, हे नंतर कळलं. कुसुमताईंच्या कोपरापर्यंत एक मांडा लोंबत होता आणि त्यातून मला पलीकडचं सगळं दिसत होतं: मांडलेले दोन पाट, दुधाच्या दोन वाट्या, तुपाची लोटी.

"बसा," कुसुमताई म्हणाल्या. "आधी कोण?"

आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही. "टेकवा," दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, आणि दोन्ही पाट एकाच वेळी वाजले.